पडद्यावर ७८ टक्के

२३ मार्च २००५, बुधवार. अमेरिकेतल्या टेक्सास सिटीत, बीपी कंपनीच्या रिफायनरीत, दुपारचा एक वाजून चार मिनिटं झाली होती. कंट्रोल रूमच्या पडद्यावर एका टॉवरची पातळी दिसत होती ७८ टक्के, आणि सकाळपासून ती हळूहळू उतरतच होती. टॉवर १७० फूट उंच. पडद्यावरचे ७८ टक्के म्हणजे तळातलं जेमतेम आठ फूट द्रव. प्रत्यक्षात त्या क्षणी टॉवरमध्ये १५८ फूट द्रव होतं. सोळा मिनिटांनी स्फोट झाला. १५ माणसं गेली, १८० जखमी झाली.

रसायन आणि तेल उद्योगातल्या सुरक्षा प्रशिक्षणात हे प्रकरण हमखास असतं. पण पुष्कळदा ते ‘ऑपरेटरने टॉवर जास्त भरला’ एवढ्यावर उरकतं. टॉवर जास्त भरला हे खरंच आहे. पण या कारखान्यात कधीतरी असं काही होणार, हे लोकांना ठाऊक होतं. नुसतं ठाऊक नव्हतं, तर कागदावर होतं, स्लाइडवर होतं, बाहेरून बोलावलेल्या सल्लागारांच्या अहवालात होतं. धोका ओळखला गेला होता आणि कळवलाही गेला होता. तरीही टॉवर भरत राहिला, आणि त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर माणसं बसून राहिली. हे कसं झालं, एवढंच मला इथे उलगडून पाहायचं आहे.

शहराबद्दल आधी थोडं. टेक्सास सिटी हे मेक्सिकोच्या आखातावरचं बंदर. १६ एप्रिल १९४७ रोजी इथल्या धक्क्यावर अमोनियम नायट्रेट भरलेलं ग्रँडकॅम्प नावाचं जहाज फुटलं आणि पाचशेहून अधिक माणसं मेली. अमेरिकेच्या इतिहासातला तो सर्वात भीषण औद्योगिक अपघात. म्हणजे स्फोट म्हणजे काय, हे या गावाला कोणी शिकवायची गरज नव्हती. रिफायनरी १९३४ सालची. पुढे ती अमोको या अमेरिकी तेलकंपनीकडे होती; अमोको बीपीत विलीन झाली तेव्हा, शतक संपता संपता, बीपीकडे आली. १२०० एकर जागा, रोजची क्षमता ४ लाख ६० हजार बॅरल, देशातली तिसऱ्या क्रमांकाची रिफायनरी. विलीनीकरणानंतर लंडनहून, बीपीच्या मुख्यालयातून, पहिला मोठा आदेश आला तो खर्च २५ टक्के कमी करण्याचा.

रात्रपाळी ते दुपारी एक वीस

हा टॉवर होता आयसोमरायझेशन युनिटमध्ये, म्हणजे पेट्रोलचा दर्जा वाढवणाऱ्या विभागात. त्या युनिटचा टॉवरसकटचा एक भाग देखभालीसाठी बंद होता आणि तो पुन्हा सुरू करायचा होता. प्लांटवर काम केलेल्या कोणालाही माहीत असतं की सुरळीत चाललेल्या युनिटपेक्षा सुरू होणारं आणि बंद होणारं युनिट जास्त धोक्याचं. सगळं बदलत असतं: तापमान, दाब, पातळी, आणि माणसांची पाळी. म्हणूनच स्टार्टअपच्या आधी सुरक्षेची स्वतंत्र पाहणी करायची असते. इथे ती झाली नाही.

पातळी दाखवणारी यंत्रणा नीट नाही हे माहीत होतं. टॉवरला काचेची उभी नळी होती, डोळ्यांनी पातळी बघायची. ती आतून इतकी मळली होती की काही दिसत नव्हतं. पातळी वाढल्यावर वाजणारे अलार्म दोन. पहिला ७२ टक्क्यांना, दुसरा स्वतंत्र स्विचवरचा, ७८ टक्क्यांना. पहाटे ३ वाजून ९ मिनिटांनी पहिला वाजला. दुसरा वाजलाच नाही. साडेतीनच्या सुमारास पडद्यावर ९९ टक्के आल्यावर रात्रपाळीने आत येणारा माल थांबवला. लिखित कार्यपद्धतीत ५० टक्के पातळी राखायची असं होतं, पण सुरुवातीला पातळी कमी पडली तर भट्टीचं नुकसान होतं, म्हणून जास्तच भरून घ्यायची पद्धत पडून गेली होती. कागदावर एक आणि कामावर दुसरं. मागच्या पाच वर्षांतल्या बहुतेक स्टार्टअपमध्ये हेच झालं होतं आणि त्याची चौकशी एकदाही झाली नव्हती.

रात्रपाळीचा प्रमुख ऑपरेटर पाळी संपायच्या सुमारे तासभर आधी निघून गेला. लॉगबुकात एका ओळीची नोंद, युनिटमध्ये थोडं रॅफिनेट (टॉवरमध्ये जाणारा ज्वलनशील माल) घेतलं अशा अर्थाची. किती, कुठवर, कोणता टप्पा झाला, कोणता राहिला, काहीच नाही. दिवसपाळीचा सुपरवायझर उशिरा पोहोचला, त्यामुळे समोरासमोर हँडओव्हर झाला नाही. सकाळच्या बैठकीत चर्चा झाली की जड रॅफिनेट, म्हणजे टॉवरच्या तळातून निघणारा माल, साठवायच्या टाक्या भरत आल्या आहेत, तेव्हा हे स्टार्टअप आज पुढे नेऊ नये. हा निरोप युनिटपर्यंत गेला नाही. अकराच्या आधी सुपरवायझर घरच्या कोणाच्या तरी आजारपणामुळे निघून गेला. त्याच्या जागी कोणी आलं नाही.

उरला तो बोर्ड ऑपरेटर, म्हणजे कंट्रोल रूमच्या पडद्यांसमोर बसणारा. त्याच्याकडे तीन युनिटांचा कारभार, आणि तो सलग २९ दिवस बारा-बारा तासांच्या पाळ्या करत होता. आपल्याकडे शटडाऊनच्या, म्हणजे देखभालीसाठी युनिट बंद असण्याच्या, दिवसांत कंत्राटी माणसं किती दिवस सुट्टीविना काम करतात हे पाहिलेल्यांना २९ हा आकडा धक्कादायक वाटणार नाही, आणि खरी पंचाईत तीच आहे.

दहाच्या आधी माल पुन्हा आत सुरू झाला. बाहेर जाणारा व्हॉल्व्ह बंदच राहिला. जवळपास तीन तास टॉवरमध्ये रोजच्या २० हजार बॅरलच्या गतीने माल जात राहिला आणि तळातून काही बाहेर पडलं नाही. आत किती गेलं आणि बाहेर किती आलं हे आकडे एकाच पडद्यावर शेजारी शेजारी असते, तर शाळकरी मुलालाही बेरीज-वजाबाकी जमली असती. ते दोन वेगळ्या पडद्यांवर होते.

आता त्या ७८ टक्क्यांचा हिशेब. पातळी मोजणारं यंत्र टॉवरच्या फक्त तळाशी बसवलेलं होतं. तिथून वरचे दीडशेहून अधिक फूट त्याला दिसतच नव्हते. यंत्राचं तत्त्व सोपं. विहिरीतून घागर ओढताना ती पाण्यात असेपर्यंत हलकी लागते, बाहेर आली की जड होते. यंत्रातली कांडीही तशीच: द्रवात जितकी बुडेल तितकं तिचं वजन कमी भरतं, आणि त्यावरून पातळी कळते. पण घागर एकदा पूर्ण बुडाली की तिच्यावर हातभर पाणी असो की दहा पुरुष, दोराला लागणारं वजन तेवढंच. मग ते बदलतं फक्त एका कारणाने: पाणी स्वतःच हलकं किंवा जड झालं तर. टॉवर तापत होता. द्रव गरम होऊन विरळ होत होतं. त्यामुळे पूर्ण बुडालेल्या कांडीचा आकडा सुमारे ९७ वरून ७८ पर्यंत खाली आला. पातळी चढत होती आणि आकडा उतरत होता. ज्याने फक्त आकडा पाहिला त्याला सगळं काबूत येतंय असंच वाटणार. शिवाय यंत्राचं कॅलिब्रेशन १९७५ सालच्या माहितीपत्रकावरून केलेलं, म्हणजे वेगळ्याच घनतेच्या द्रवासाठी.

दुपारी एकच्या आसपास दाब वाढल्याने ऑपरेटरांनी शेवटी बाहेर जाणारा व्हॉल्व्ह उघडला. योग्य वाटणारी ही कृतीच शेवटचा धक्का ठरली. बाहेर पडणारा माल अतिशय गरम होता, आणि उष्णता वाचवण्यासाठी तो आत येणाऱ्या मालाला तापवत जाई. आत जाणारा माल एकदम तापला, टॉवरमधलं द्रव उकळून फुगलं आणि माथ्यावरच्या वाफेच्या पाइपात शिरलं. त्या पाइपावरचे तीन सेफ्टी व्हॉल्व्ह टॉवरच्या माथ्यापासून जवळपास दीडशे फूट खाली होते. एवढ्या उंचीच्या द्रवाचा भार आला आणि १ वाजून १४ मिनिटांनी तिन्ही उघडले. सहा मिनिटांत सुमारे दोन लाख लिटर ज्वलनशील द्रव ब्लोडाऊन ड्रमच्या दिशेने गेलं.

ब्लोडाऊन ड्रम म्हणजे एक टाकी आणि तिच्यावरचं धुराडं. मूळ मांडणी १९५० च्या दशकातली. सेफ्टी व्हॉल्व्हमधून आलेली वाफ त्या धुराड्यातून सरळ हवेत. वर ज्योत नाही. आधुनिक रिफायनरीत हे काम फ्लेअर करतो, म्हणजे जे बाहेर पडेल ते जाळून टाकतो. इथे ड्रम भरला, त्याचाही अलार्म वाजला नाही, आणि शंभराहून अधिक फूट उंच धुराड्यातून द्रवाचं कारंजं उसळून खाली पडायला लागलं. जवळच, सुमारे २५ फुटांवर, एक डिझेल पिकअप इंजिन चालू ठेवून उभी होती. हवेतली वाफ इंजिनने ओढून घेतली आणि ते आपोआप भरधाव फिरू लागलं. १ वाजून २० मिनिटांनी ढग पेटला.

बाहेर पडण्याचा भोंगा त्याआधी वाजला नाही.

केबिन तिथे का होत्या

मेलेले पंधराही जण कंत्राटी कंपन्यांचे होते. त्यातलं कोणीही आयसोमरायझेशन युनिटवर काम करत नव्हतं. शेजारच्या दुसऱ्या युनिटचा शटडाऊन चालू होता, त्याच्या कामासाठी ते आले होते आणि ऑफिस म्हणून मांडलेल्या ट्रेलरमध्ये किंवा त्यांच्या आसपास होते. ट्रेलर म्हणजे आपल्याकडची पोर्टा केबिन, फक्त लाकडी सांगाड्याची. सर्वात जवळची केबिन ब्लोडाऊन ड्रमपासून १२१ फुटांवर होती. क्रिकेटच्या दोन खेळपट्ट्या एकापुढे एक ठेवल्या तर त्याहून कमी. शेजारचं युनिट आज सुरू होतंय, हेही या माणसांना कोणी सांगितलं नव्हतं. ती नुकतीच जेवून परतली होती, आणि ते जेवण साधं नव्हतं: चांगल्या सुरक्षा कामगिरीबद्दल दिलेली ती मेजवानी होती.

धोक्याच्या मूल्यमापनाच्या दृष्टीने या प्रकरणातला सर्वात बोलका भाग मला हाच वाटतो. कारण इथे मूल्यमापन झालं नाही असं नाही. प्रक्रिया युनिटच्या ३५० फुटांच्या आत केबिन ठेवायची असेल तर जागेची तपासणी करायची, असा अंतर्गत दंडक होता. २००४ च्या उत्तरार्धात मोठ्या केबिनसाठी रीतसर बदल-परवान्याचा फॉर्म भरला गेला. तो भरणाऱ्या गटातल्या लोकांना स्फोटाचा दाब अंतरानुसार किती पडतो हे काढायचं प्रशिक्षण नव्हतं. तरी त्यांनी काही मुद्दे लिहिले, पूर्तता करायची म्हणून. ते मुद्दे उघडेच राहिले आणि केबिनमध्ये माणसं राहायला आली. बाकीच्या काही केबिन तर फॉर्मशिवायच येऊन बसल्या.

फॉर्म भरणं आणि धोका मोजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आपण सगळेच तोंडाने म्हणतो. पण या फॉर्ममधली चूक आणखी बारीक आहे. त्यात गृहीत होतं की केबिन तात्पुरती आहे, म्हणजे धोकाही तात्पुरता. हिशेब उलटा असतो. केबिन येते शटडाऊनमध्ये, शटडाऊन संपतो स्टार्टअपने, आणि आसपास सर्वात जास्त माणसं नेमकी त्याच दिवसांत असतात. वर्षभराची सरासरी काढली तर केबिनमधला माणूस धोक्यात थोडाच वेळ असतो. पण तो थोडा वेळ कोणता, हे सरासरी सांगत नाही. आणि लाकडी केबिन तर हलकी, कुठेही उचलून ठेवता येते. तिला तिथेच असायला हवं असं कोणतंही तांत्रिक कारण नव्हतं. कामाच्या जागेपासून चालायला कमी पडावं, एवढंच. स्फोटात ४७९ फुटांवरच्या केबिनमधली माणसंसुद्धा जखमी झाली.

ब्लोडाऊन ड्रमची कथा याचीच मोठी बहीण. १९९२ मध्ये ओशाने, म्हणजे कामगार सुरक्षेच्या केंद्रीय यंत्रणेने, याच रिफायनरीतल्या अशाच एका ड्रमवर बोट ठेवलं होतं. तडजोड होऊन तो आक्षेप मागे घेतला गेला. नवे असे ड्रम उभारायचे नाहीत आणि जुने मोठ्या बदलाच्या वेळी काढायचे, असं अमोकोचं स्वतःचं धोरण होतं. १९९७ मध्ये ड्रम झिजला म्हणून बदलला, तेव्हा त्याच जागी तसाच दुसरा बसवला. ‘जशास तसा’ बदल, म्हणून धोरण लागू नाही. २००२ मध्ये फ्लेअर जोडायचा प्रस्ताव आला, स्वस्त पर्याय निवडला गेला. १९९४ ते २००४ या काळात या ड्रममधून ज्वलनशील वाफ बाहेर पडल्याच्या आठ गंभीर घटना झाल्या, दोनदा आगही लागली. आठ वेळा कोणी मेलं नाही. त्यामुळे आठही वेळा ती घटना ‘नियर मिस’, म्हणजे थोडक्यात टळलेला अपघात, सुद्धा धड ठरली नाही.

अहवालांची चळत

आता वरच्या मजल्यावर जाऊ.

२००२ मध्ये रिफायनरीच्या नव्या प्रमुखाला कारखान्याची अवस्था पाहून काळजी वाटली आणि त्याने अभ्यास करवून घेतला. निष्कर्ष: यंत्रसामग्री आणि देखभाल दोन्ही ढासळलेली. २००३ च्या लेखापरीक्षणात खर्चाकडे बघूनच निर्णय घेण्याच्या वृत्तीवर टीका झाली. २००४ हे वर्ष तर वाईटच गेलं: तीन मोठे अपघात, तीन मृत्यू. त्या वर्षाच्या अखेरीस व्यवस्थापनासमोर एक सादरीकरण झालं. त्यात मागच्या तीस वर्षांत या आवारात मेलेल्या २३ जणांचा हिशेब होता आणि टेक्सास सिटी ही काम करायला सुरक्षित जागा नाही, असं स्पष्ट शब्दांत लिहिलं होतं. जानेवारी २००५ मध्ये टेलॉस नावाच्या सल्लागार संस्थेचा अहवाल आला. त्यांनी हजाराहून अधिक कामगारांकडून प्रश्नावली भरून घेतली होती, शंभरेक जणांशी समोर बसून बोलले होते. ‘आज मी मरू शकतो’ ही भावना इतक्या कामगारांच्या मनात इतकी खरी असलेली जागा आपण पाहिलेली नाही, असं त्यांनी नोंदवलं. वाईट बातमी वर सांगायला इथे उत्तेजन मिळत नाही, हेही. आणि २००५ च्या सुरक्षा आराखड्यात मुख्य धोका म्हणून लिहिलं होतं की पुढच्या १२ ते १८ महिन्यांत या कारखान्यात कोणीतरी मरेल.

हे वाचताना मी पहिल्यांदा थबकलो होतो. सुरक्षा अधिकारी म्हणून एखाद्याने आणखी किती स्पष्ट लिहायचं? आपण सहसा समजतो की माहिती दडपली गेली म्हणून अपघात झाला. इथे बऱ्याच अंशी ती दडपली गेलेली नाही. स्थानिक व्यवस्थापनाने स्वतःच अहवाल मागवले, वाचले, त्यावर काही पैसेही मिळवले. पण त्याच सुमारास २००५ साठी पुन्हा २५ टक्के कपातीचं आव्हान वरून आलं. प्रशिक्षण विभागात १९९० च्या दशकाच्या अखेरीस २८ माणसं होती, २००४ मध्ये ८. बोनसच्या सूत्रात खर्चावरच्या नियंत्रणाला ५० टक्के भार होता आणि सुरक्षेला १० टक्के. ते १० टक्केही मोजले जात होते एकाच आकड्याने: नोंद करण्याजोग्या दुखापतींचा दर.

आणि हा आकडा उत्तम होता. २००४ मध्ये, तीन मृत्यूंच्या त्याच वर्षात, टेक्सास सिटीचा दुखापत-दर तिच्या इतिहासातला सर्वात कमी होता. घसरून पडणं, बोट चेमटणं, डोळ्यात कचरा जाणं, शिडीवरून पाय सटकणं: हे दर हजारो तासांत किती वेळा घडतं ते हा दर सांगतो. हेल्मेट, बूट, हँडरेल यांवर लक्ष दिलं की तो खरोखर खाली येतो, आणि आणावाच. पण टॉवर भरतो आहे का, अलार्म वाजतो का, धुराड्यातून मागच्या महिन्यात वाफ आली होती का, हे तो सांगू शकत नाही. त्याची पट्टी तळातल्या आठ-नऊ फुटांपुरतीच आहे.

म्हणून मला टॉवरवरचं ते यंत्र आणि लंडनला जाणारा तो आकडा एकाच जातीचे वाटतात. दोन्ही खोटं बोलत नव्हते. दोन्ही आपापल्या मर्यादेत जे मोजतात तेच दाखवत होते. दोन्ही धोका वाढत असताना उतरत होते. आणि दोन्हीच्या शेजारी जी दुसरी साधनं होती, मळलेली काच, न वाजणारा अलार्म, सल्लागारांचा अहवाल, ती एक तर बंद होती किंवा तिच्याकडे कोणी पाहत नव्हतं.

आपल्याकडे एमआयडीसीतल्या जवळपास प्रत्येक मोठ्या कंपनीच्या गेटवर एक फलक असतो: अपघातमुक्त दिवस इतके. ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनी, त्याच्यासमोर शपथ होते, फोटो निघतो. फलकाला माझा विरोध नाही. पण त्या फलकाचा एक दुष्परिणाम प्लांटवरच्या प्रत्येकाने पाहिलेला असतो. आकडा नऊशे नव्व्याण्णववर गेला की छोटी दुखापत लिहायला कोणी धजत नाही. ‘फर्स्ट एड करून सोड’ होतं. छोटी दुखापत लपवली तर फार बिघडत नाही असं म्हणता येईल. बिघडतं ते हे की ‘लिहिलं तर आपणच वाईट ठरतो’ हा धडा पक्का होतो, आणि मग तोच माणूस न वाजलेला अलार्मही लिहीत नाही.

हे कंपनीला आधी कोणी सांगितलं नव्हतं असंही नाही. २००० च्या मे-जून महिन्यांत बीपीच्या स्कॉटलंडमधल्या ग्रेंजमाउथ संकुलात लागोपाठ तीन मोठ्या घटना झाल्या. कोणी मेलं नाही. ब्रिटिश नियामकांच्या चौकशीतून हेच निघालं होतं की दुखापतींचे दर पाहून प्रक्रियेतले मोठे धोके कळत नाहीत, त्यांच्यासाठी वेगळी मोजमापं हवीत. धडा स्कॉटलंडहून टेक्सासला पोहोचला नाही. पुढे २० एप्रिल २०१० ला मेक्सिकोच्या आखातात, बीपीच्याच विहिरीवर काम करणारा डीपवॉटर होरायझन हा तराफा पेटला आणि ११ जण गेले. त्या दिवशी तराफ्यावर वरिष्ठ पाहुणे आले होते, आणि कौतुकाचा एक विषय होता सात वर्षांत कामाचा दिवस बुडवणारा एकही अपघात नाही हा.

धोका लिहिणाऱ्याने काय वेगळं करायला हवं होतं? याचं उत्तर मी बराच काळ शोधत होतो, आणि ‘आणखी ठणकावून लिहायला हवं होतं’ हे ते नाही. टेलॉसपेक्षा ठणकावून कोण लिहिणार? मला वाटतं फरक अहवालाच्या शेवटच्या रकान्यात आहे. ‘कारखाना सुरक्षित नाही’ हे वाक्य कितीही खरं असलं तरी ते कोणत्याही एका व्हॉल्व्हला, एका केबिनला, एका तारखेला बांधलेलं नाही. ते वाचून सगळे गंभीर होतात आणि दुसऱ्या दिवशी युनिट सुरू होतं. उलट ‘पातळीचा दुसरा अलार्म चाचणीत वाजलेला दिसत नाही तोवर या टॉवरमध्ये माल घ्यायचा नाही, आणि हे थांबवायचा अधिकार पाळीवरच्या अमुक माणसाला’ हे वाक्य कंटाळवाणं आहे, पण ते युनिट अडवू शकतं. टेक्सास सिटीत वरच्या पातळीचे अहवाल ज्वलंत होते आणि खालच्या पातळीचे कागद, म्हणजे स्टार्टअपची चेकलिस्ट, केबिनचा फॉर्म, रात्रीचं लॉगबुक, पोकळ होते. उपकरणांची तपासणी वेळेअभावी अर्धवट सोडून चेकलिस्टवर सही झालेली होती. दोन्ही थरांच्या मध्ये कोणी नव्हतं.

आपल्याकडे १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांनुसार मोठ्या कारखान्यांना सुरक्षा अहवाल द्यावा लागतो. हे नियम भोपाळनंतर आले. भोपाळच्या कारखान्याचीही मे १९८२ मध्ये, दुर्घटनेच्या अडीच वर्षं आधी, अमेरिकेहून आलेल्या तज्ज्ञांनी पाहणी करून त्रुटी लिहून दिल्या होत्या. त्यामुळे कोणी मला जाड सुरक्षा अहवाल दाखवला की मी आधी त्यातले उघडे मुद्दे शोधतो, त्यांच्यापुढच्या तारखा बघतो आणि मग विचारतो: मुद्दा उघडा असताना काय चालू ठेवलं आहे?

नंतर

मे २००५ मध्ये कंपनीच्या अंतरिम अहवालाने बोट दाखवलं ते मुख्यतः युनिटवरच्या कर्मचाऱ्यांकडे आणि सुपरवायझरांकडे. काहींच्या नोकऱ्या गेल्या. अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाने मात्र तपासाचा परीघ लंडनपर्यंत नेला. ऑगस्ट २००५ मध्ये, तपास चालू असतानाच, त्यांनी कंपनीला स्वतंत्र समिती नेमायला सांगितलं. माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांच्या अध्यक्षतेखाली ती समिती बसली. तिने बीपीच्या अमेरिकेतल्या पाचही रिफायनऱ्या पाहून जानेवारी २००७ मध्ये अहवाल दिला, आणि दुखापत-दर सुधारला म्हणजे प्रक्रिया-सुरक्षाही सुधारली हा कंपनीचा समज चुकीचा होता, हे त्यात स्पष्ट म्हटलं. बोर्डाचा अंतिम अहवाल मार्च २००७ मध्ये आला. त्यात सरकारी यंत्रणाही सुटली नाही: प्रक्रिया-सुरक्षेच्या सखोल नियोजित तपासण्या ओशाने १९९५ ते २००५ या दहा वर्षांत देशभरात मोजून नऊ केल्या होत्या, त्यात रिफायनरी एकही नव्हती.

केबिनबद्दलचं मानक जून २००७ मध्ये बदललं. हलक्या लाकडी केबिन स्फोटाच्या टप्प्याबाहेर ठेवायच्या, हे तेलउद्योगाच्या संघटनेने स्वतंत्र मार्गदर्शिकेत लिहिलं. २०१० मध्ये प्रक्रिया-सुरक्षेची वेगळी मोजमापं आली: गळती किती, सेफ्टी व्हॉल्व्ह किती वेळा उघडले, अपघात रोखणाऱ्या यंत्रणा किती वेळा निकामी आढळल्या. म्हणजे ग्रेंजमाउथनंतर दहा वर्षांनी.

दंडाचे आकडे मोठे आहेत. ओशाने २००५ मध्ये दोन कोटी डॉलरहून अधिक दंड केला, तेव्हापर्यंतचा सर्वात मोठा, आणि कंपनीने दुरुस्त्या करायचं कबूल केलं. २००९ मध्ये ओशाचे निरीक्षक पुन्हा गेले. कबूल केलेल्या दुरुस्त्यांपैकी न झालेल्यांबद्दल त्यांनी २७० नोटिसा काढल्या आणि ४३९ नवे हेतुपुरस्सर भंग नोंदवले. दंडाची रक्कम या वेळी ८ कोटी ७० लाख डॉलर होती. २०१३ मध्ये बीपीने रिफायनरी मॅरेथॉन कंपनीला विकली.